ऑटोमॅटिक गाडीत ‘यू’चे कोड आले, तर टीसीएम बदलण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा वर्षं जुनी, टॉर्क कन्व्हर्टरवाली पेट्रोल ऑटोमॅटिक गाडी. जुलैच्या मोठ्या पावसानंतर चालता चालता मीटरमधला ‘डी’ नाहीसा होतो, एबीएस आणि स्टिअरिंगचे दिवे लागतात आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकते. बंद करून थोड्या वेळाने चालू केली की सगळं ठीक. अधूनमधून चावी फिरवल्यावर स्टार्टरच फिरत नाही. स्कॅनरवर यू०१००, यू०१०१, यू०१२१ आणि पी०७०० हे कोड आले. नाशिकमधल्या एका गॅरेजने टीसीएम, म्हणजे गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर बदलायला सांगितला, दुसऱ्याने गिअरबॉक्स उतरवून खोलायचा म्हटलं. मार्चमध्ये बाहेरून टचस्क्रीन स्टिरिओ आणि रिव्हर्स कॅमेरा बसवून घेतलाय. आता काय करावं?

दोन्ही करू नका, निदान अजून तरी नाही. मी अंबड एमआयडीसीत ऑटोमॅटिक गाड्यांच्या वायरिंगचं आणि मॉड्यूलचं, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरचं, काम करतो. तुम्ही जे लिहिलंय त्यात गिअरबॉक्सच्या आतल्या भागाबद्दल एकही तक्रार नाही. क्लच घसरतोय, गिअर पडताना धक्का बसतो, ऑइल जळल्याचा वास येतो, असं काही तुम्ही म्हणत नाही. जे घडतंय ते सगळं एकदम घडतंय आणि एकदम नीट होतंय. क्लच प्लेट झिजली तर ती पाच मिनिटांनी भरून येत नाही.

हे का होतं ते आधी समजून घ्या, म्हणजे गॅरेजमध्ये कोण काय सांगतंय ते तुम्हाला तोलता येईल. तुमच्या गाडीत इंजिनचा ईसीएम, गिअरबॉक्सचा टीसीएम, एबीएस, स्टिअरिंग, मीटर हे सगळे कॉम्प्युटर एकमेकांत पीळ दिलेल्या दोन वायरींवर बोलतात. या पद्धतीला कॅन म्हणतात. एक वायर कॅन हाय, दुसरी कॅन लो. सातपूरच्या कारखान्यामुळे नाशिककरांना डिझेलच्या नोझलसाठी माहीत असलेल्या बॉश कंपनीनेच ही पद्धत जर्मनीत तयार केली आणि १९८६ मध्ये जगापुढे मांडली. कोणी बोलत नसतं तेव्हा दोन्ही वायरींवर साधारण २.५ व्होल्ट असतात. कोणी बोललं की हाय वर ३.५ कडे जाते आणि लो खाली १.५ कडे येते. ऐकणारा मॉड्यूल या दोघींमधला फरक वाचतो. बाहेरचा इलेक्ट्रिकल गोंगाट दोन्ही वायरींवर सारखाच येतो, त्यामुळे फरक तोच राहतो. म्हणून तर त्यांना पीळ दिलेला असतो, आणि हा पीळ पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

टीसीएम स्वतःच्या भरवशावर गिअर टाकत नाही. इंजिन किती टॉर्क देतंय, थ्रॉटल किती उघडलाय, हे त्याला ईसीएम सांगतो. चाकांचा वेग एबीएसकडून येतो. गिअर बदलताना टीसीएम ईसीएमला क्षणभर टॉर्क कमी करायला सांगतो, म्हणून तर तुम्हाला गिअर पडलेला कळत नाही. ही देवाणघेवाण तुटली की क्लचवर किती दाब द्यायचा हे त्याला ठरवता येत नाही, आणि अंदाजाने दाब देऊन क्लच जाळण्यापेक्षा तो सोलेनॉइडचा, म्हणजे ऑइलची वाट उघडझाप करणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हचा, करंटच काढून घेतो. करंट गेला की नुसत्या ऑइलच्या दाबावर जो गिअर लागतो तो एकच, बहुतेक गिअरबॉक्समध्ये तिसरा किंवा चौथा. याला लिम्प मोड म्हणतात. म्हणजे तुमची गाडी अडकते ती गिअरबॉक्स वाचवण्यासाठी. ‘डी’ जातो कारण मीटरला ते अक्षर टीसीएमकडून मिळतं. स्टिअरिंगचा दिवा लागतो कारण गाडीचा वेग त्याला याच वायरीवरून कळतो. आणि स्टार्टर फिरत नाही कारण लिव्हर ‘पी’ किंवा ‘एन’मध्ये आहे हा निरोप ईसीएमपर्यंत पोचत नाही, आणि तो पोचल्याशिवाय बऱ्याच गाड्यांत ईसीएम स्टार्टरला परवानगी देत नाही. वेगवेगळ्या वाटणाऱ्या तुमच्या चारही तक्रारींचं मूळ एकच असायची शक्यता दाट आहे.

आता कोडकडे येऊ. यू०१०० म्हणजे ईसीएमशी संपर्क तुटला, यू०१०१ म्हणजे टीसीएमशी, यू०१२१ म्हणजे एबीएसशी. पी०७०० तर फक्त निरोप आहे. टीसीएममध्ये काहीतरी कोड पडलाय, चेक लाइट लाव, एवढंच तो ईसीएमला सांगतो. पी०७०० पाहून गिअरबॉक्स उतरवायला निघालेल्या माणसाला तिथेच थांबवा.

तुम्ही कोड लिहिलेत, पण कोणता कोड कोणत्या मॉड्यूलमध्ये सापडला ते लिहिलेलं नाही. खरी माहिती तिथेच असते. यू०१०१ हा कोड टीसीएममध्ये नसतो, तो इतरांच्या वहीत असतो. ‘टीसीएमचा आवाज मला ऐकू आला नाही’ एवढीच त्यांची तक्रार. फोन लागला नाही म्हणून समोरच्या माणसाचं काही बरंवाईट झालं असं आपण धरून चालत नाही. रेंज, बॅटरी, रिचार्ज हे आधी मनात येतं. इथेही तसंच. टीसीएमला करंट मिळाला नसेल, अर्थ ढिला असेल, मधली वायर तुटली असेल, नाहीतर तिसऱ्याच कोणीतरी लाइन अडवून ठेवली असेल.

त्यामुळे पहिलं काम म्हणजे चांगल्या स्कॅनरने पूर्ण नेटवर्क स्कॅन. मोबाइलला जोडायचा स्वस्त डोंगल यासाठी उपयोगाचा नाही, तो बहुतेक वेळा फक्त ईसीएमशी बोलतो. स्कॅनमध्ये गाडीतले सगळे मॉड्यूल एकेक करून हाकेला ओ देतात की नाही ते बघायचं, आणि कागदावर लिहायचं की कोण कोणाबद्दल तक्रार करतंय. टीसीएम, एबीएस आणि मीटर तिघेही ईसीएमकडे बोट दाखवत असतील, तर ईसीएमचा करंट, अर्थ आणि त्याच्या कपलरमधल्या, म्हणजे वायरी जोडायच्या प्लगमधल्या, कॅनच्या पिना बघा. सगळे टीसीएमबद्दल बोलत असतील आणि टीसीएम स्कॅनरलाही उत्तर देत नसेल, तर टीसीएमचा फ्यूज, रिले, अर्थ. पण जर सगळेच सगळ्यांबद्दल तक्रार करत असतील, तर मॉड्यूल सोडून द्या. दोष वायरींच्या त्या जोडीत आहे किंवा गाडीच्या व्होल्टेजमध्ये आहे. तुमच्या तीन कोडांवरून आणि एकाच वेळी लागणाऱ्या दिव्यांवरून मला ही शेवटची शक्यता जास्त वाटते.

व्होल्टेजचं आधी उरकून घ्या, कारण ते स्वस्तात होतं. स्टार्टर फिरताना बॅटरी ९.६ व्होल्टच्या खाली जाता कामा नये. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ हवेत; स्मार्ट अल्टरनेटरच्या गाड्यांत हे वरखाली होतं, तिथे घाबरू नका. मग अर्थ. मल्टीमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी गिअरबॉक्सच्या केसिंगवर धरून दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा. ०.२ व्होल्टपेक्षा बराच जास्त आकडा दिसला, तर अर्थची पट्टी किंवा तिचा नट खराब आहे. बॅटरी उतरलेली असली की बरेच मॉड्यूल ‘यू’चे कोड टाकून मोकळे होतात. म्हणून कोड पडला त्या क्षणाचं व्होल्टेज स्कॅनरच्या फ्रीझ फ्रेममध्ये दिसत असेल तर ते जरूर बघा. तिथे ९ किंवा १० लिहिलेलं असेल तर पुढचं सगळं बाजूला ठेवा.

यानंतर जे मोजमाप आहे ते कोणत्याही गॅरेजमध्ये साध्या मल्टीमीटरने होतं, आणि तरीही ते क्वचितच केलं जातं. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण महागडा टीसीएम आणि शंभर रुपयांची वायर यांच्यातला निवाडा याच आकड्यावर होतो. बॅटरीची निगेटिव्ह काढा, सगळे मॉड्यूल झोपेपर्यंत थोडा वेळ थांबा. स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टमध्ये, म्हणजे स्कॅनर जोडायच्या सॉकेटमध्ये, ६ आणि १४ या पिनांमधला रेझिस्टन्स मोजा. कॅनच्या लाइनीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, बहुतेक वेळा एखाद्या मॉड्यूलच्या पोटातच बसवलेला. दोघे समांतर, म्हणून आकडा ६० यायला हवा. १२० आला तर एका टोकापर्यंत वायर पोचत नाही. ४० आला तर तिसरा रेझिस्टर कुठून तरी घुसलाय, आणि बाहेरून लावलेल्या वस्तूवर संशय घ्यायला हे पुरेसं कारण आहे. शून्याजवळ आला तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात.

इथे एक सावधगिरी. काही गाड्यांत ओबीडी पोर्ट आणि आतलं नेटवर्क यांच्यामध्ये गेटवे, म्हणजे दोघांमधले निरोप पुढे देणारा वेगळा मॉड्यूल असतो. तिथे पोर्टवर मोजलेला आकडा फक्त गेटवेपर्यंतचा असतो, आतलं काही कळत नाही. अशा गाडीत वायरिंग डायग्राम घेऊन टीसीएमच्या किंवा एबीएसच्या कपलरवर मोजावं लागतं. डायग्राम नसलेल्या माणसाला हे काम देऊ नका.

दुसरी गोष्ट, १२० आला तरी गाडी बऱ्याचदा चालते. दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागायतदारांची ऑटोमॅटिक गाडी अशीच आली होती. बागेतल्या शेडमध्ये उभी असायची, आणि शेडमध्ये उंदीर. तीन गॅरेज फिरून झाली होती, कारण गाडी तिथे पोचली की नीट चालायची. पोर्टवर ११९ ओहम. हार्नेसची, म्हणजे वायरींच्या जुडग्याची, टेप इनटेकच्या मागे सोलली तेव्हा कॅन लोचं इन्सुलेशन कुरतडलेलं होतं आणि तांब्याचे सगळे धागे तुटून दोन टोकं नुसती एकमेकांना टेकलेली होती. इंजिन हललं की सुटायची, थंड झालं की परत टेकायची. व्होल्टेजची लहर पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप लावला तर ते डोळ्यांनी दिसायचं. एरवी सरळ उभ्या भिंतीसारखी चढणारी लहर वरच्या टोकाला थरथरत होती, आणि इंजिनला झटका दिला की लोची लहर सपाट व्हायची. गिअरबॉक्स उतरवायचं ठरलेली ती गाडी वायरीच्या एका तुकड्यावर नीट झाली.

रेझिस्टन्स ६० आला, तर बॅटरी जोडा, इग्निशन चालू करा आणि प्रत्येक पिन अर्थशी धरून व्होल्टेज बघा. मल्टीमीटर सरासरी दाखवतो, त्यामुळे हायवर २.५ पेक्षा थोडे जास्त आणि लोवर थोडे कमी, बेरीज पाचाच्या आसपास. एखादी शून्यावर बसली असेल तर ती बॉडीला टेकलीय, १२ दाखवत असेल तर करंटच्या वायरीला. लाइन अशी अडून बसली असेल तर स्कॅनर जोडून ठेवून एकेक मॉड्यूलचा कपलर काढत जायचं; ज्याचा काढला आणि बाकीचे बोलायला लागले तो गुन्हेगार, किंवा त्याच्याकडे जाणारी वायर. एअरबॅगच्या कपलरला मात्र बॅटरी काढून, कंपनीने सांगितलेला वेळ थांबल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि ज्या मॉड्यूलच्या पोटात टोकाचा रेझिस्टर आहे त्याचा कपलर काढला की आकडा १२० होणारच, त्याला दोष समजू नका.

आता तुमच्या गाडीबद्दल. मला पहिला संशय स्टिरिओवर आहे. बाहेरच्या टचस्क्रीनसोबत एक छोटी डबी येते, तिला कॅन बॉक्स म्हणतात. स्टिअरिंगवरची बटणं आणि रिव्हर्सचा इशारा ती गाडीच्या कॅनमधून घेते. तयार कपलर मिळाला नाही की बसवणारे डॅशबोर्डमागच्या कॅनच्या वायरी सोलून त्यावर तार गुंडाळतात आणि वर काळी टेप मारतात. उन्हाळ्यात टेपचा गोंद वितळतो, पावसाळ्यात त्यात ओल जाते. मार्चमध्ये बसवलं आणि जुलैमध्ये त्रास सुरू झाला, हे या हिशेबात अगदी बसतं. एक प्रयोग तुम्ही फारशा खर्चाशिवाय करू शकता. स्टिरिओ, कॅमेरा आणि त्यांची डबी पूर्ण सोडवून घ्या, नुसतं बटण बंद करून भागणार नाही, आणि जमल्यास मूळ स्टिरिओ परत लावून काही दिवस गाडी चालवा. ओबीडी पोर्टमध्ये जीपीएस ट्रॅकर किंवा डोंगल कायमचा खोचून ठेवला असेल तर तोही काढा.

दुसरा संशय पाण्यावर. त्या दिवशी गाडी साचलेल्या पाण्यातून गेली का? द्वारका चौकाच्या आसपास किंवा एखाद्या अंडरपासमध्ये अर्धं चाक बुडालं असेल तरी पुरे. पण पाण्यात न जाताही आत पाणी येतं. पुढच्या काचेच्या खाली, वायपरच्या जाळीत झाडाचा पाला अडकतो, पाण्याची वाट बंद होते आणि ते केबिनमध्ये उतरतं. कॉलेज रोड, गंगापूर रोडला झाडाखाली उभ्या असणाऱ्या गाड्यांत हे मी दर पावसाळ्यात पाहतो. दोन्ही बाजूंचं कार्पेट उचलून खालच्या फोमवर तळहात दाबा. वरून कोरडं लागतं आणि खाली फोम स्पंजासारखा भरलेला असतो. पायांजवळच्या आतल्या पॅनलमागे हार्नेसचे मोठे कपलर असतात. ते उघडून टॉर्च मारा. पिनेच्या मुळाशी हिरवट चुरा दिसला की तिथून गळती आहे. ओल्या पिनांमधून थोडा करंट इकडून तिकडे जातो, गाडी तापून ओल सुकली की थांबतो. कधी येतो कधी जातो असा दोष यातूनच होतो.

टीसीएमचा आणि गिअरबॉक्सचा कपलरही त्याच बैठकीत काढून बघा. तिथे लाल किंवा तपकिरी ऑइल दिसलं तर वेगळी गोष्ट आहे. गिअरबॉक्सच्या कपलरचा सील गेला की एटीएफ, म्हणजे गिअरबॉक्सचं ऑइल, वायरीच्या आतल्या धाग्यांमधून हळूहळू वर चढतं आणि दूर बसवलेल्या टीसीएमपर्यंत जातं. अशा वेळी सील बदलायचा, कपलर इलेक्ट्रिक क्लीनरने धुवायचा आणि टीसीएमच्या आत ऑइल पोचलंय का ते बघायचं. नुसता पुसून बंद केला तर तीच तक्रार परत येते.

हे सगळं साफ निघालं, टीसीएमच्या कपलरवर करंट पोचतोय, अर्थ पोचतोय, कॅनची लहर नीट पोचतेय आणि तरीही दोषाच्या वेळी टीसीएम गप्प, तरच टीसीएम खराब म्हणायचा. करंट तपासताना नुसता मल्टीमीटर पुरत नाही, कारण एका धाग्यावर लटकलेली वायरही मल्टीमीटरला पूर्ण १२ व्होल्ट दाखवते. कपलरच्या करंट आणि अर्थच्या पिनांवर २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावून बघा. तो झगझगीत पेटला पाहिजे. ही चाचणी फक्त करंट आणि अर्थच्या पिनांवर, आणि कपलर टीसीएमपासून काढलेला असताना. कॅनच्या पिनांना बल्ब किंवा टेस्ट लॅम्प लावायचा नाही.

आणि खरंच टीसीएम बदलावा लागला तर भंगारातून आणलेला तसाच बसवून चालेल या भरवशावर राहू नका. बऱ्याच गाड्यांत त्याचं सॉफ्टवेअर गाडीच्या चॅसी नंबराशी जुळवावं लागतं, काहींत इमोबिलायझरशीही. त्यानंतर क्लचचं अॅडाप्टेशन शिकवावं लागतं, नाहीतर नवीन दुखणं सुरू होतं, ते म्हणजे गिअर पडताना धक्के. हे करायचा स्कॅनर त्या गॅरेजकडे आहे का, ते पैसे देण्याआधी विचारा.

वायर जोडायची वेळ आली तर पीळ राखा. तेवढ्याच जाडीची वायर, जोडापुरता दोन-तीन सेंटिमीटर भाग सोडून लगेच पुन्हा पीळ. दोन्ही वायरींचे जोड एकाच जागी न घेता थोडे मागेपुढे. चांगला क्रिंप आणि त्यावर गोंदवाली हीट श्रिंक, इन्सुलेशन टेप अजिबात नको. तपासताना वायरीत सुई टोचणाऱ्याला थांबवा; त्या छिद्रातून पुढच्या पावसाळ्यात पाणी जातं. पिना मागच्या बाजूने बॅकप्रोब घालून तपासता येतात.

दोष सापडेपर्यंत गाडी शहराबाहेर काढू नका, कसारा घाट तर मुळीच नको. तिसऱ्या गिअरमध्ये अडकलेली गाडी चढावर कन्व्हर्टर भयंकर तापवते आणि आज शाबूत असलेला गिअरबॉक्स खरोखर बिघडू शकतो. रस्त्यात बंद पडलीच तर दोरीने ओढू नका. इंजिन बंद असलं की गिअरबॉक्सचा पंप फिरत नाही आणि आतले भाग ऑइलशिवाय घासतात. फ्लॅटबेडच मागवा. लिव्हर ‘पी’मधून निघत नसेल तर बहुतेक गाड्यांत लिव्हरच्या शेजारी एक छोटं झाकण असतं. हँडब्रेक लावून, ब्रेक दाबून, त्यात चावी किंवा स्क्रू ड्रायव्हर खाली दाबला की लिव्हर ‘एन’मध्ये जातो.

नेटवर्क स्कॅनचा कागद आणि ६ व १४ पिनांमधला आकडा, एवढं कळवलंत तर पुढचं नेमकं सांगता येईल. रेझिस्टन्स गाडीत दोष नसताना एकदा आणि दोष आल्यावर लगेच एकदा, असा दोनदा घ्यायला सांगा, दोन्ही वेळा बॅटरीची निगेटिव्ह काढूनच.